हप्ता, सप्टेंबर आणि साप्ताहिक

कुणी बोलत नाही त्या भाषा शाळेत शिकायच्या तरी कशाला?

दोस्तांनो, आठवीत पाऊल टाकलं की घरोघरी एक चर्चा ठरलेली असते. ‘‘संस्कृत घेऊ की नको?’’ आई म्हणते, ‘‘घे, पाठांतर केलंस तर मार्क चांगले पडतात.’’ बाबा म्हणतात, ‘‘ताईनं घेतलं होतं, तूही घे.’’ आणि शेजारचा दादा हळूच कानात सांगतो, ‘‘अरे, ती भाषा बोलतं कोण? तिच्यात मंडईतून पावशेर मिरच्या तरी आणता येतात का?’’

दादाचा प्रश्न काही वेडगळ नाही बरं का! हाच प्रश्न युरोपातली मुलं शेकडो वर्षं विचारत आली आहेत. तिथं ‘संस्कृत’च्या जागी ‘लॅटिन’ आणि ‘ग्रीक’ म्हणायचं, एवढाच फरक. लॅटिन ही जुन्या रोमची भाषा. आज ती कुठल्याही घरात बोलली जात नाही. ग्रीक आजही ग्रीस देशात बोलतात. पण शाळेत शिकवतात ती दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीची जुनी ग्रीक, आणि ती आता कुणी बोलत नाही. आपल्या राज्य मंडळाच्या भाषांच्या यादीतही अशा जुन्या भाषा आहेत. संस्कृत, पाली, अर्धमागधी, फारसी, अरबी आणि पारशी लोकांच्या धर्मग्रंथांची अवेस्ता-पहलवीसुद्धा!

मग दादाला उत्तर काय द्यायचं? उत्तर शोधायला रोमला किंवा अथेन्सला जायची गरज नाही. भिवंडीला गेलं तरी पुरेल.

भिवंडीतले सात

ठाणे जिल्ह्यातली भिवंडी म्हणजे यंत्रमागांचं गाव. गल्लीत शिरलं की खटक्-खटक् खटक्-खटक् असा आवाज सुरू. त्या आवाजात कान देऊन ऐकलं तर माणसांच्या भाषाही किती! इथं मराठी आहे, उर्दू आहे, हिंदी आहे, तेलंगणातून आलेल्या विणकरांची तेलुगू आहे, गुजराती आहे. एका शाळेतून संस्कृतची सुभाषितं ऐकू येतात, तर दुसऱ्या शाळेतली मुलं अरबी-फारसीचे शब्द घोकत असतात. दोघांनाही वाटतं, ‘यांचं आणि आमचं काय नातं?’

आता एक साधा शब्द घ्या. हिंदी-उर्दू बोलणारा मित्र आठवड्याला ‘हफ्ता’ म्हणतो. तोच शब्द मराठीत ‘हप्ता’ झाला, आणि आपण तो सायकलच्या नाहीतर फ्रिजच्या हप्त्यासाठी वापरू लागलो. हा शब्द फारसी. फारसीत ‘हफ्त’ म्हणजे सात. सात दिवसांचा तो हफ्ता. आणि संस्कृतात सात म्हणजे? ‘सप्त’! म्हणून सात दिवसांनी तुमच्या हातात पडतं ते ‘साप्ताहिक’. संस्कृतातल्या ‘स’च्या जागी इराणी भाषांत पुष्कळदा ‘ह’ येतो. ‘सिंधू’ या नदीच्या नावाचं त्यांच्याकडे ‘हिंदू’ झालं, ते असंच.

गंमत इथंच संपत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघा. सप्टेंबर! लॅटिनमध्ये सात म्हणजे ‘सेप्टेम’. तुम्ही लगेच म्हणाल, ‘‘पण सप्टेंबर तर नववा महिना!’’ अगदी बरोबर. फार जुन्या काळी रोमन लोकांचं वर्ष मार्चपासून मोजलं जाई. मार्चपासून बोटं मोजा, सप्टेंबर सातवा येतो. ऑक्टोबर आठवा, नोव्हेंबर नववा, डिसेंबर दहावा. पुढे वर्ष जानेवारीत सुरू होऊ लागलं, पण नावं तशीच राहिली.

ही चार ओळींची यादी मोठ्यानं वाचा. आधी संस्कृत, मग लॅटिन, मग ग्रीक आणि शेवटी फारसी :

सप्त – सेप्टेम – हेप्टा – हफ्त
अष्ट – ऑक्टो – ओक्टो – हश्त
नव – नोव्हेम – एन्नेआ – नोह
दश – डेकेम – डेका – दह

आहे की नाही नवल? संस्कृतातली ‘अस्ति’ म्हणजे ‘आहे’. ग्रीकमध्ये ‘एस्ति’, लॅटिनमध्ये ‘एस्ट’, तर फारसीत ‘अस्त’. संस्कृत ‘अग्नि’, लॅटिन ‘इग्निस’.

हे साम्य ज्यानं जगासमोर ठळकपणे मांडलं, तो विल्यम जोन्स कलकत्त्यात न्यायाधीश होता. ग्रीक, लॅटिन आणि फारसी त्याला आधीच येत होत्या. इथं येऊन तो संस्कृत शिकू लागला. २ फेब्रुवारी १७८६ रोजी त्यानं एशियाटिक सोसायटीपुढे भाषण केलं आणि सांगितलं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यात इतकं साम्य आहे की त्या एकाच मुळापासून निघालेल्या असल्या पाहिजेत. फारसीही त्याच घराण्यातली असावी, असंही तो म्हणाला. म्हणजे यांपैकी कुणी कुणाची आई नाही, या सगळ्या बहिणी! (अरबी आणि तेलुगू यांची घराणी मात्र वेगळी आहेत, ते विसरू नका.)

१९७० आणि १९८४ साली भिवंडीनं दंगलींचे घाव सोसले. त्या गावात संस्कृत शिकणारं मूल आणि फारसी शिकणारं मूल एकाच घराण्यातल्या दोन बहिणींकडे शिकायला जातं, ही गोष्ट दोघांनाही ठाऊक असायला हवी. जुन्या भाषेची दोन पानं वाचली नाहीत तर ती कळणार कशी?

टेबलाला हाक

‘‘ते सगळं ठीक आहे,’’ शेजारचा दादा म्हणेल, ‘‘पण ती रूपं पाठ करताना जीव जातो त्याचं काय?’’

त्यातही दादा एकटा नाही. इंग्लंडचे पंतप्रधान विन्स्टन चर्चिल लहानपणी बोर्डिंगच्या शाळेत गेले, तेव्हा पहिल्याच दिवशी मास्तरांनी त्यांना एका लॅटिन शब्दाची रूपं पाठ करायला दिली. शब्द होता ‘मेन्सा’, म्हणजे टेबल. चर्चिलनी ती पाठ केली खरी, पण एक रूप पाहून ते बुचकळ्यात पडले. ते होतं संबोधनाचं रूप, म्हणजे ‘हे टेबला!’ त्यांनी विचारलं, याचा उपयोग काय? मास्तर म्हणाले, टेबलाशी बोलायचं असेल तेव्हा हे रूप वापरायचं. लहानग्या चर्चिलनी उत्तर दिलं, की मी तर टेबलाशी कधीच बोलत नाही! त्यावर मास्तर काय म्हणाले असतील? उद्धटपणा केलास तर शिक्षा होईल! ही गोष्ट चर्चिलनी स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवली आहे.

तेव्हा ऑक्सफर्ड आणि केंब्रिज विद्यापीठांत प्रवेश हवा तर मुलाला लॅटिन आणि ग्रीक यायलाच हवं, असा नियम होता. गणितात हुशार असा, नाहीतर रसायनशास्त्रात, त्यातून सुटका नाही! पहिल्या महायुद्धानंतर ग्रीकची सक्ती उठली. १९६०च्या सुमारास लॅटिनचीही उठली. आणि सक्ती उठल्यावर वर्ग भराभर ओस पडू लागले.

आपल्याकडेही काहीसं असंच होतं. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं. सुरुवातीच्या काळात तिथं इंग्रजीबरोबर एक जुनी भाषा घ्यावी लागे. संस्कृत, फारसी, अरबी, लॅटिन, ग्रीक अशा भाषांना मान होता. पण पदवीच्या परीक्षांत आपल्या मराठीला जागा उरली नव्हती! मराठीला विद्यापीठात स्थान मिळावं म्हणून न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं. त्याच काळात रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी संस्कृत शिकणाऱ्या मुलांसाठी नव्या पद्धतीची दोन सोपी पुस्तकं लिहिली. तोवर संस्कृत पाठशाळेत शिकायचं म्हणजे वर्षानुवर्षं घोकंपट्टी. भांडारकरांनी थोडे नियम, थोडे शब्द आणि लगेच भाषांतराला वाक्यं अशी वाट काढली. पुढच्या कित्येक पिढ्या त्या पुस्तकांवर शिकल्या.

म्हणजे जुनी भाषा सक्तीनं, छडीनं शिकवली तर मुलं तिच्यापासून पळतात. आणि घरच्या भाषेला बाहेर काढून तिला गादीवर बसवलं, तर तेही चूकच. हे दोन्ही मान्य! पण म्हणून ती शिकायचीच नाही का? थांबा, निकाल द्यायच्या आधी आपण कल्याणला जाऊन येऊ.

कल्याणची बातमी ग्रीकमध्ये

भिवंडीहून कल्याण म्हणजे अगदी हाकेच्या अंतरावर. रिक्षानं सुद्धा जाता येतं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, इसवी सनाच्या पहिल्या शतकात, एका दर्यावर्दी व्यापाऱ्यानं एक लहानसं पुस्तक लिहिलं. त्याचं नाव कुणालाच माहीत नाही. तो इजिप्तमध्ये राहणारा आणि ग्रीक लिहिणारा होता, एवढं कळतं. पुस्तकाचं नाव ‘पेरिप्लस’, म्हणजे किनाऱ्या-किनाऱ्यानं केलेली सफर. कुठल्या बंदरात काय विकत मिळतं, काय खपतं, कुठं खडक आहेत, कुठं राजा त्रास देतो, अशी व्यापाऱ्यांच्या उपयोगाची माहिती त्यात आहे.

त्यात आपलं भरूच आहे ‘बारिगाझा’ या नावानं. पैठण आहे, तेर आहे ‘तगर’ म्हणून, सोपारा आहे. आणि आहे ‘कल्लिएना’! म्हणजे आपलं कल्याण. लेखक सांगतो, की थोरल्या ‘सारागानोस’च्या वेळी कल्याण हे रीतसर व्यापाराचं बंदर होतं. पुढे ते दुसऱ्याच्या ताब्यात गेलं आणि तिथल्या व्यापारावर बंधनं आली. आता एखादं ग्रीक जहाज चुकून तिकडे गेलं, तर त्याला पहारा बसवून थेट भरूचला नेतात! ‘सारागानोस’ म्हणजे सातकर्णी नावाचा कुणी सातवाहन राजा असावा, असं अभ्यासक मानतात.

बघा, दोन हजार वर्षांपूर्वीची ही जणू आपल्या शेजारच्या बंदराची बातमी. आणि ती लिहिलेली आहे ग्रीकमध्ये!

ही जहाजं इतक्या लांबून कशासाठी येत? मिरी, हस्तिदंत, मौल्यवान खडे यांसाठी, आणि कापडासाठी! तेरहून पुष्कळ साधं कापड बैलगाड्यांवरून भरूचला जाई, असं तो लिहितो. या भागात भात, तिळाचं तेल आणि ‘कार्पासोस’ खूप पिकतं, असंही तो सांगतो. ओळखा पाहू ‘कार्पासोस’ म्हणजे काय? संस्कृत ‘कार्पास’, मराठी ‘कापूस’! आपला शब्द आपल्याच मालाबरोबर जहाजात बसून ग्रीकमध्ये गेला. आपली ‘पिप्पली’, म्हणजे पिंपळी, ग्रीकांकडे ‘पेपेरि’ झाली, रोमनांकडे ‘पिपेर’ आणि इंग्रजांकडे ‘पेपर’, म्हणजे मिरी.

जसे आपले शब्द गेले, तसे त्यांचे आलेही. दहावीचं परीक्षा ‘केंद्र’ कुठं आलंय, असं तुम्ही विचारता ना? तो ‘केंद्र’ शब्द ग्रीक ‘केंट्रॉन’पासून आला. ग्रीक ज्योतिषाबरोबर तो आपल्या पंडितांकडे आला आणि इतका रुळला, की आता परका वाटतच नाही. ग्रीकांचं नाणं ‘द्राख्मे’. त्याचं आपल्याकडे ‘द्रम्म’ झालं आणि त्याचंच पुढे ‘दाम’. दामदुप्पट, छदाम यांतला दाम तो हाच.

आता गंभीर गोष्ट ऐका. या ‘पेरिप्लस’चा मजकूर एकाच जुन्या हस्तलिखित प्रतीमुळे टिकला आहे. ती दहाव्या शतकातली असून जर्मनीतल्या हायडेलबर्ग इथं आहे. कुणातरी लेखनिकानं ती बसून उतरवली नसती, तर कल्याणची ही बातमी कायमची बुडाली असती. आणि प्रत राहिली, पण ती वाचणारं कुणीच उरलं नाही, तर? तरीही बुडालीच म्हणायची!

ग्रीक किल्ली, आपलं कुलूप

आता उलट बाजू बघा. आपल्या लेण्यांत कोरलेले जुने लेख तुम्ही सहलीला गेल्यावर पाहिले असतील. कान्हेरीत कल्याणच्या लोकांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. कल्याणहून जुन्नरला जाणाऱ्या नाणेघाटात सातवाहनांचा मोठा लेख आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या काही खांबांवर ‘यवन’ दात्यांची नावं आहेत. ‘यवन’ म्हणजे मुळात आयोनियाचा रहिवासी, ग्रीक. या सगळ्यांची लिपी ब्राह्मी आणि भाषा प्राकृत. पण दोनशे वर्षांपूर्वी आपल्या देशात हे लेख वाचता येणारं एकही माणूस उरलं नव्हतं. भले भले पंडित यायचे, बघायचे आणि मान हलवून परत जायचे. अक्षरं आपलीच, पण आपणच ती विसरलो होतो.

कुलूप उघडलं कसं? नाण्यांनी! वायव्येकडे राज्य करणाऱ्या ग्रीक राजांनी दोन लिप्यांत नाणी पाडली होती. त्यांत अगाथोक्लीस नावाच्या राजाचं एक नाणं होतं. एका बाजूला त्याचं नाव ग्रीकमध्ये, दुसऱ्या बाजूला ब्राह्मीत. १८३६ साली क्रिस्तियान लासेन या विद्वानानं ग्रीक बाजू वाचली आणि तिच्या आधारानं ब्राह्मी अक्षरं जुळवली. पुढच्याच वर्षी, १८३७ मध्ये, जेम्स प्रिन्सेप यांनी सांचीच्या लेखांत पुन्हापुन्हा येणारा शेवटचा शब्द ‘दानं’ असणार हे ओळखलं आणि सगळी लिपी सुटली. ते ग्रीक शिकलेले नसते, तर आपल्या लेण्यांची तोंडं आणखी किती वर्षं मिटलेली राहिली असती, कोण जाणे!

भिवंडी तालुक्यातलंही एक उदाहरण सांगतो. तालुक्यातल्या भादाणे गावचा एक ताम्रपट आहे. शके ९१९चा, म्हणजे इसवी सन ९९७चा. भाषा संस्कृत. शिलाहार राजा अपराजित यानं भादाणे गाव लवणेतट इथल्या लोणादित्याच्या देवळाला दान दिल्याची त्यात नोंद आहे. लवणेतट म्हणजे आजचं लोनाड. तिथलं लेणं आणि जुनं देऊळ तुमच्यापैकी काहींनी पाहिलंही असेल. हा ताम्रपट वाचून प्रसिद्ध केला तो फ्रान्झ कीलहॉर्न या जर्मन पंडितानं. हे गृहस्थ पुण्याच्या डेक्कन कॉलेजात बरीच वर्षं संस्कृत शिकवत होते. भादाणे आणि लोनाड ही गावं आजही एसटीच्या पाटीवर दिसतात. हजार वर्षांपूर्वीची त्यांची हकिगत मात्र संस्कृत येणाऱ्यालाच वाचता येते.

बंद दारं

जुन्या भाषांची एक वाईट बाजूही आहे, ती लपवून चालणार नाही. ही किल्ली सगळ्यांच्या हाती पडू नये, अशी खटपटही माणसांनी केली.

भीमराव आंबेडकर मुंबईत शाळेत शिकत होते. त्यांना संस्कृत शिकायची फार इच्छा होती. पण अस्पृश्य मानलेल्या मुलाला संस्कृत शिकवायला शिक्षक तयार नव्हते. नाइलाजानं त्यांनी फारसी घेतली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. दार लावून घेतलं म्हणून ते गप्प बसले नाहीत. पुढे त्यांनी स्वतःच्या कष्टानं संस्कृत ग्रंथ अभ्यासले, आणि नंतर पाली भाषेचा कोशही तयार केला. ज्यांच्या जोरावर आपल्याला खाली ढकललं, ते ग्रंथ खरोखर काय म्हणतात, हे त्यांना स्वतः वाचायचं होतं. दुसऱ्यानं सांगितलेलं ऐकायचं आणि स्वतः वाचायचं यांत किती अंतर असतं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

दुसरं नाव पंडिता रमाबाई. १८५८ साली त्यांचा जन्म झाला, तेव्हा मुलींनी संस्कृत शिकणं हा अपराध समजला जाई. वडिलांनी लोकांचा रोष पत्करून त्यांच्या आईला संस्कृत शिकवलं आणि रमाबाईंनाही घरात ते ज्ञान मिळालं. पुढे त्या ख्रिस्ती झाल्या. पुण्याजवळ केडगावला त्यांनी ‘मुक्ती मिशन’ उभारलं आणि निराधार बायका-मुलींना आसरा दिला. वयाची पंचेचाळिशी उलटल्यावर या बाईंनी काय करावं? ग्रीक आणि हिब्रू शिकायला घेतलं! कशासाठी? बायबलचं भाषांतर इंग्रजीवरून नको, मूळ भाषांवरून करायचं, आणि तेही साध्या बायकांना कळेल अशा सोप्या मराठीत. हे काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. १९२२ साली त्या वारल्या, त्याआधी ते पुरं झालं होतं. १९२४ साली तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. छपाईचं कामही मिशनमधल्या बायका-मुलींनीच केलं.

मार्क की वाचन?

आता पालकांसाठी एक गोष्ट. मॅट्रिकला संस्कृतात पहिला येणाऱ्याला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळे. ती मिळणं म्हणजे घराण्याचं नाव झालं! १९१२ साली ती मिळवणारा मुलगा होता महाडजवळच्या नाते गावचा चिंतामण देशमुख. हेच पुढे १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. पण खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे. आकडेमोडीत आयुष्य गेलेल्या या माणसानं कालिदासाच्या ‘मेघदूता’चं मराठी पद्यात भाषांतर केलं. शिष्यवृत्तीचे पैसे केव्हाच संपले असतील. वाचनाचा आनंद शेवटपर्यंत पुरला.

आपलं काय होतं? परीक्षा झाली की रूपावली रद्दीत! मार्कांसाठी घेतलेली भाषा मार्कांबरोबर निघून जाते. यात मुलांचाच दोष आहे असं नाही. शिकवायची पद्धतही बदलायला हवी. केंब्रिजच्या मंडळींनी १९७० साली लॅटिनचं नवं पुस्तक काढलं. त्यात पहिल्या पानापासून गोष्ट आहे. पाँपेई शहरातला केसिलियस नावाचा सावकार, त्याची बायको, स्वयंपाकी, कुत्रा. वाचता वाचता व्याकरण येतं आणि पहिल्या पुस्तकाच्या शेवटी ज्वालामुखी फुटतो! पुढं काय झालं, हे कळण्यासाठी मुलं लॅटिन वाचतात. आपल्याकडे तर गोष्टींची खाणच आहे, पंचतंत्रापासून जातककथांपर्यंत!

आणखी एक सांगतो. गोष्टीचं पुस्तक असलं तरी शिकवायला शिक्षक लागतो, आणि तो कायम टिकावा लागतो. इंग्लंडच्या सरकारनं २०२१ साली जाहीर केलं, की लॅटिन फक्त महागड्या शाळांतल्या मुलांनाच का, साध्या सरकारी शाळांतही शिकवू. त्यासाठी पैसेही दिले. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये, शाळेचं वर्ष संपायच्या आतच, ती मदत बंद झाली. जुन्या भाषेचा वर्ग असा नाजूक असतो. एक शिक्षक गेला, एक तुकडी बंद पडली, की पुन्हा सुरू करणं कठीण.

आपल्या मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘अभिजात भाषा’ म्हणून मान्यता मिळाली. त्याच दिवशी पाली आणि प्राकृत यांनाही मिळाली. आपण पेढे वाटले, छान झालं! पण नाणेघाटाचा लेख आणि ‘गाथासप्तशती’ ज्या प्राकृतात आहे, ती वाचणारी मुलं तुमच्या वर्गात किती आहेत? मान मिळाला, आता वाचणारे हवेत.

तेव्हा शेजारच्या दादाला सांगा, ‘‘दादा, मिरच्या मी मराठीतच आणीन. पण त्या गावचं दोन हजार वर्षांपूर्वीचं बंदर, हजार वर्षांपूर्वीचं देऊळ आणि आपल्या मागावरच्या कापसाचा प्रवास, हे सगळं ज्या भाषांत लिहून ठेवलंय त्यांतली एक तरी मला स्वतः वाचता यायला हवी.’’ सगळ्यांनी सगळ्या भाषा शिकाव्यात असं कुणीच म्हणत नाही. पण एका वर्गातल्या एकानं संस्कृत, एकानं पाली, एकानं फारसी अशी वाटणी केली, तर सगळ्या वर्गाचं काम भागेल. नाही का?

करून पाहा

१. घरातल्या कॅलेंडरवर सप्टेंबर ते डिसेंबर या महिन्यांखाली सप्त, अष्ट, नव, दश लिहा आणि घरच्यांना त्याचं कारण सांगा.

२. ‘कारखाना’, ‘बाजार’, ‘दरवाजा’, ‘जमीन’ हे मराठीतले शब्द फारसीतून आले आहेत. असे आणखी दहा शब्द गोळा करा. उर्दू शाळेत जाणारा मित्र किंवा मैत्रीण असेल तर त्यांची मदत घ्या. बदल्यात त्यांना दहा संस्कृत शब्द सांगा.

३. जवळच्या लेण्यात किंवा वस्तुसंग्रहालयात जाल तेव्हा जुना लेख शोधा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सोपाऱ्याला सापडलेला अशोकाच्या लेखाचा तुकडा आहे. वहीत त्यातली दोन अक्षरं काढून आणा. हात लावू नका, खडूनं रंगवू नका. नुसतं नीट बघा!